झटका, चाळा आणि थरथर: प्रस्तावना

दीड वर्षाचं लेकरू रागाच्या भरात जमिनीवर डोकं आपटू लागलं की सगळं घर धावतं. आजी मीठ-मोहरीने दृष्ट काढते, आजोबा रिक्षा बोलावतात, बाप कामावरून परत येतो. त्याच आळीत दुसऱ्या घरी आठ महिन्यांचं बाळ सकाळी झोपेतून जागं होतं आणि एकदम कमरेतून पुढे वाकतं. दोन्ही हात बाजूला फेकले जातात, मान छातीवर येते. सगळं मिळून एक-दोन सेकंद. पाच-दहा सेकंद जातात आणि पुन्हा तसंच. पुन्हा, पुन्हा, दहा-पंधरा वेळा. मग ते रडतं. आई म्हणते, दचकतंय. आजी म्हणते, पोटात कळ येतेय, ओव्याने शेक. इथे कोणी धावत नाही. पहिल्या लेकराला बहुधा काहीही झालेलं नसतं. दुसऱ्याला जो आजार असण्याची दाट शंका आहे, त्यात उपचाराविना गेलेला एकेक आठवडा मुलाच्या वाढीतून वजा होतो.

घाई कुठे करायची आणि धीर कुठे धरायचा, याची आपल्याकडे अशी उलटापालट झाली आहे. आवाज करणारी, डोळ्यांत भरणारी हालचाल घाबरवते. गुपचूप येऊन जाणारी हालचाल नजरेतून सुटते. ही उलटापालट सरळ करायची, एवढ्याचसाठी हे पुस्तक आहे.

ते लिहिलंय नगर जिल्ह्यासाठी. कागदोपत्री जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे. क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, चौदा तालुक्यांचा. पश्चिमेला अकोल्याचे डोंगर आणि ठाकर-महादेव कोळ्यांच्या वाड्या, उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावरचा उसाचा आणि दुधाचा पट्टा, दक्षिणेला पाथर्डी-जामखेडचं कोरडं रान. या सगळ्या भागांत लेकराला ‘जरा मागे आहे’ म्हणण्याची पद्धत एक आणि त्याला कुठे न्यायचं याचा गोंधळही एकच. मुलांच्या मेंदूचे डॉक्टर पुण्यात, नाशकात, छत्रपती संभाजीनगरात गाठावे लागतात. तिकडे पाठवायचं की नाही, हा पहिला निर्णय मात्र गावातच होतो आणि तो तीन बायका घेतात: आई, आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई. हे पुस्तक त्या तिघींच्या हातात पडावं अशी इच्छा आहे.

सुरुवात निरोगी बाळापासून करायला हवी, कारण पुन्हा पुन्हा तीच हालचाल करणं हा बाळपणाचा धर्मच आहे. अमेरिकेतल्या एस्थर थेलन या अभ्यासकांनी 20 निरोगी बाळं त्यांच्या पहिल्या वर्षात, दर पंधरवड्याला घरी जाऊन पाहिली आणि 1979 साली निष्कर्ष मांडले. या बाळांमध्ये त्यांना लयीत होणाऱ्या 47 प्रकारच्या हालचाली सापडल्या. पाय झाडणं, हात आपटणं, चार पायांवर येऊन पुढे-मागे झुलणं, काहीतरी धरून उभं राहून गुडघ्यात हिसके देणं. प्रत्येक हालचाल तिच्या ठरावीक वयात येते आणि नवं कौशल्य हाती लागलं की मागे पडते. रांगायच्या आधी बाळ झुलतं, रांगता आलं की झुलणं सुटतं. झोपेच्या आधी उशीवर डोकं घुसळणारी, पाळण्याच्या कडेला लयीत डोकं आपटणारी कितीतरी मुलं पुढे शाळेत जायच्या वयापर्यंत आपोआप थांबतात. त्यांच्या डोक्याला इजा होणार नाही एवढं पाहिलं की पुरे.

मग ज्या मुलाची वाढ मागे आहे, त्याचं काय? तिथे हाच चाळा लांबतो, वाढतो, कधी रूप बदलतो. दोन वर्षांचं मूल आनंद झाला की दोन्ही हात पंखांसारखे फडफडवतं, टाचा उचलून चालतं, भिंगरीसारखं स्वतःभोवती फिरतं, बोटं डोळ्यांसमोर नाचवत उजेडाकडे बघत बसतं. खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी ती उलटी करून एकच चाक तासभर फिरवतं. स्वमग्नतेत हे दिसतं, बौद्धिक वाढ मागे असलेल्या मुलांत दिसतं, आणि ज्यांना दिसत नाही किंवा ऐकू येत नाही अशा मुलांतही दिसतं. जन्मतः दृष्टी अधू असलेलं मूल बोट डोळ्यात खुपसून दाबत राहतं. त्या दाबाने त्याला उजेडाची जाणीव होते म्हणून ते तसं करतं. फार लवकर जन्मलेलं, काचेच्या पेटीत राहिलेलं बाळ असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली होती का, हे इथेच विचारायला हवं. तशीच कानांची तपासणी. बोलत नाही, नावाने हाक मारली तर बघत नाही, हातवारे करतं, एवढ्यावरून स्वमग्नतेचा शिक्का मारण्याआधी त्या मुलाला ऐकू येतं की नाही, हे यंत्राने पाहिलेलं असलं पाहिजे. ताटली वाजवून केलेली परीक्षा खरी नाही; काहीसं ऐकू येणारं मूलही ताटलीकडे वळतं.

चाळा ओळखायची खूण सोपी आहे. मुलाला हाक मारा, गुदगुल्या करा, आवडीची वस्तू समोर धरा. चाळा थांबतो, निदान क्षणभर तरी. मूल शुद्धीवर असतं, त्याचे डोळे आपल्याशी किंवा वस्तूशी जोडलेले असतात, आणि बहुधा ते त्या हालचालीत रमलेलं असतं. कंटाळा, आनंद, गोंगाट, दमणूक यांपैकी काहीतरी आधी घडलेलं असतं. असा चाळा मेंदूला इजा करत नाही. तो हट्टाने बंद पाडायची गरज नाही. हात बांधणं, फटका मारणं, चारचौघांत ‘हात खाली’ म्हणून दटावणं यातून मुलाची एक सोय काढून घेतली जाते आणि हाती काही लागत नाही. एका अटीवर मात्र अडवावं लागतं: मूल स्वतःला चावतंय, रक्त येईस्तोवर आपटतंय, किंवा चाळ्यात इतकं गुंततंय की जेवणखाण आणि खेळ बाजूला पडतोय. तिथे शिकलेल्या थेरपिस्टची मदत हवी. अचानक नव्याने डोकं आपटायला लागलेल्या मुलाचा कान, दात आणि पोटही पाहा. ज्याला सांगता येत नाही, ते दुखणं असं दाखवतं.

एक गोष्ट ठासून सांगतो. हात फडफडवणं म्हणजे स्वमग्नता नव्हे, आणि हात न फडफडवणं म्हणजे स्वमग्नता नाही असंही नव्हे. पाहायचं असतं ते हालचालीच्या पलीकडचं. दीड वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का? नुसती मागण्यासाठीच नाही, तर ‘ते बघ, चांदोबा’ असं आपल्याला दाखवण्यासाठी? नाव घेतल्यावर वळतं का? आपण हसलो तर हसतं का? खोटं खोटं जेवण भरवतं का? ही उत्तरं नकारार्थी असतील तर चाळा असो वा नसो, तपासणी हवीच. ‘याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता’ हे वाक्य आपल्या घरोघर ऐकू येतं. त्या वाक्याने कितीतरी मुलांची हाताशी असलेली उमेदीची वर्षं खाल्ली आहेत.

आता झटका. यावर पुस्तकात सगळ्यात जास्त पानं खर्ची पडली आहेत आणि ती पडायलाच हवी होती.

1841 च्या फेब्रुवारीत ‘द लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं. विल्यम जेम्स वेस्ट हे केंट परगण्यातल्या टनब्रिज गावचे डॉक्टर. पत्र त्यांच्या स्वतःच्या मुलाबद्दल होतं. चार महिन्यांपर्यंत धडधाकट असलेलं बाळ आधी नुसती मान किंचित पुढे टाकू लागलं. पुढे वाकणं वाढत गेलं, डोकं गुडघ्यांपर्यंत जाऊ लागलं, एकेका वेळी दहा-वीस वेळा, काही सेकंदांच्या अंतराने, दिवसातून दोन-तीनदा. वेस्ट यांनी त्या काळचे सगळे उपाय केले. जळवा लावल्या, जुलाब दिले, अफूचं सरबत दिलं. काही उपयोग झाला नाही. मूल हसेनासं झालं, आजूबाजूला लक्ष देईनासं झालं. लंडनच्या एका नामांकित डॉक्टरने अशी चार मुलं पूर्वी पाहिली होती आणि वाकण्याच्या त्या पद्धतीवरून त्याने याला सलामचे झटके म्हटलं होतं. वेस्ट यांनी पत्र लिहिलं ते कुणाला तरी उपाय ठाऊक असेल या आशेने. एका बापाने आपल्या लेकराकडे इतकं नीट पाहिलं की आज पावणेदोनशेहून अधिक वर्षांनीही त्या वर्णनात फारशी भर घालावी लागत नाही. त्या आजाराला त्यांचंच नाव मिळालं.

वेस्ट यांना जे मिळालं नाही ते आपल्याला मिळालेलं आहे. 1952 मध्ये या मुलांच्या मेंदूच्या विद्युत आलेखातली विशिष्ट अंदाधुंदी ओळखली गेली. 1958 मध्ये एसीटीएच या संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी झटके थांबतात हे समोर आलं. आज त्याच्या जोडीला तोंडावाटे द्यायचं प्रेडनिसोलोन आणि व्हिगाबॅट्रिन ही औषधं आहेत. तिन्हींना धोके आहेत, तिन्ही मेंदूविकार जाणणाऱ्या बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी मुलाची पुढची वाढ वाचण्याची शक्यता जास्त, हे आता वादातीत आहे. म्हणूनच उशीर हा इथला खरा शत्रू आहे. झटके बहुतेकदा तीन ते बारा महिन्यांच्या दरम्यान सुरू होतात, पण लेकरू आमच्यापर्यंत पोहोचतं ते कधी कधी दीड-दोन वर्षांचं होऊन, ‘बसत नाही, ओळखत नाही’ या तक्रारीसह. झटक्यांचा उल्लेख आई सहज, जाता जाता करते.

मग हा झटका ओळखायचा कसा? तो झुंबडीने येतो, एकामागून एक, आणि बहुधा झोपेतून उठल्यावर किंवा झोप लागता लागता. हाक मारली, उचलून घेतलं, तरी तो थांबत नाही. मूल त्यात रमलेलं नसतं, घाबरलेलं किंवा हरवलेलं दिसतं, शेवटी रडतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी जे येत होतं ते जायला लागतं. मान धरत होतं, आता टाकतं. ओळखीचं हसत होतं, आता आरपार बघतं. दिवसाला दहा झटके असोत की दोन, हे जाणं दिसलं की शंका घ्यायला दुसरं कारण लागत नाही. जन्मताना उशिरा रडलेलं बाळ, पहिल्या दिवसांत साखर खूप उतरलेलं बाळ, यांच्या घरी तर पहिलं वर्षभर डोळ्यांत तेल घालून पाहावं. अंगावर पानाच्या आकाराचे पांढुरके चट्टे असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा. हे चट्टे आणि हे झटके यांना जोडणारा एक आजार आहे आणि त्यात औषधाची निवडही वेगळी होते. मेंदूचा आलेख काढताना बाळ झोपेत असणं आणि मग जागं होणं, दोन्ही टिपलं गेलं पाहिजे. जागेपणीच्या वीस मिनिटांत ‘नॉर्मल’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नये.

या जिल्ह्याच्या एका वास्तवाकडे इथे वळावंच लागतं. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत इथली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन मुकादमाबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि हंगाम संपल्यावरच गावी परततात. तिथे कोपीत बिऱ्हाड. आई-बाप पहाटे, अंधारातच कोयता घेऊन फडावर जातात. बाळ उठतं तेव्हा त्याच्याजवळ असते सात-आठ वर्षांची बहीण. झटका येतो तो नेमका उठतानाच, म्हणजे तो पाहते ती बहीण. संध्याकाळी आई येते तेव्हा बाळ थकून झोपलेलं असतं. म्हणून आमची आरोग्य कर्मचाऱ्यांना विनंती आहे की इतिहास विचारताना आईबरोबर त्या ताईलाही समोर बसवा आणि तिला सांगा, ‘बाळ कसं करतं, करून दाखव.’ मुलं नक्कल अचूक करतात. आणि ही पोर शाळेत असायला हवी होती, हे लिहिताना मनात सलतं. ते इथे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

थरथर हा तिसरा प्रकार. हा आपल्या मातीतला आजार म्हणावा लागेल, कारण त्याचं वर्णन भारतीय बालरोगतज्ज्ञांनीच पहिल्यांदा केलं, 1957 पासून, आणि आजही तो प्रामुख्याने याच उपखंडात दिसतो. सहा महिने ते दोन वर्षांचं बाळ. बघायला गुबगुबीत, म्हणून कुपोषित वाटत नाही. पण जवळून पाहा. केस विरळ आणि तांबूस. चेहरा फिका. हाताच्या बोटांच्या पेरांवर, सांध्यांवर काळसर रंग चढलेला. नजर निर्विकार; खेळणं समोर धरलं तर हात पुढे येत नाही. बसू लागलेलं बाळ पुन्हा लोळू लागलेलं. आणि मग एखाद्या सर्दी-तापानंतर हात, मान, जीभ थरथरू लागते. रडणंही कापरं होतं. झोप लागली की थरथर पूर्ण थांबते, जाग आली की पुन्हा सुरू. घरच्यांना वाटतं, थंडी वाजतेय किंवा भीती बसलीय.

यामागे बहुतांशी असते ब12 जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता. वर्ष उलटलं तरी फक्त अंगावरचं दूध, वरचं अन्न जवळपास नाही आणि आईच्याच शरीरात ब12 नाही, अशी ही साखळी. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, अंडी, मांस-मासे यांतून येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब12 कमी आढळलं. ही गावं आपल्या शेजारची आहेत, जेवणही आपलंच आहे. नगर जिल्ह्याकडे पाहताना एक विसंगती मनाला लागते. संगमनेर, राहुरी, कोपरगाव, राहाता इथून रोज टँकर भरभरून दूध जातं, आणि कितीतरी गोठेवाल्या घरांत सकाळ-संध्याकाळचं सगळं दूध डेअरीला घालून बाळंतिणीच्या वाट्याला कोऱ्या चहात पडेल एवढंच उरतं. माळकरी घरात अंडं-मांस चालत नाही, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि त्याचा मान ठेवूनच बोलायला हवं. पण मग त्या घरातल्या गरोदर सुनेला दूध-दही पोटभर मिळालं पाहिजे आणि डॉक्टरांना विचारून ब12 ची गोळी सुरू झाली पाहिजे. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत चौरस आहार मिळतो. अकोल्याच्या वाड्यांत तो ताटात खरोखर पडतोय का, हे गावाने पाहायला हवं.

थरथरीचा उपचार स्वस्त आहे: ब12 ची इंजेक्शनं, त्यासोबत लोह व इतर पोषण, आणि वरचं अन्न. बाळाच्या नजरेतली मरगळ काही दिवसांतच उतरू लागते. थरथर जायला काही आठवडे लागतात. कधी ती उपचार सुरू झाल्यावर आधी वाढल्यासारखीही वाटते, तेव्हा घाबरून औषध सोडू नये. मात्र फार उशीर झालेल्या बाळांची बौद्धिक वाढ पुढेही मागे राहू शकते. म्हणून थरथर सुरू व्हायच्या आधीच, विरळ केस आणि काळवंडलेली पेरं दिसली की, अंगणवाडीच्या ताईंनी हटकावं. वजनकाट्यावर हे बाळ ‘साधारण’ श्रेणीत बसू शकतं. काट्याने फसू नये.

बाकीच्या प्रकारांवर इथे थोडक्यातच लिहितो, आत सविस्तर आहे. मुलगी दीड वर्षापर्यंत बरी असते, दोन-चार शब्द बोलते, मग हातातलं खेळणं धरणं सोडते आणि छातीजवळ दोन्ही हात एकमेकांवर चोळत राहते, धुतल्यासारखे. व्हिएन्नाच्या अँड्रियास रेट यांना 1954 मध्ये दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात शेजारीशेजारी बसलेल्या दोन मुली नेमक्या सारख्याच हात चोळताना दिसल्या आणि तिथून रेट सिंड्रोमचा शोध सुरू झाला. 1999 मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. जन्मानंतर कावीळ खूप वाढलेल्या बाळाचे हातपाय पुढे काही धरायला गेलं की पिळवटत, वळवळत जातात, आणि त्याला ऐकूही कमी येऊ शकतं. हा प्रकार जवळपास पूर्णपणे टाळता येतो, नवजात बाळाची कावीळ वेळेत मोजून निळ्या दिव्याखाली ठेवलं तर. गळ्यात काविळीची माळ घालून नव्हे. दूध पाजल्यावर लगेच मान मागे टाकून कमान करणाऱ्या बाळाला आंबट पाणी वर येण्याचा त्रास असू शकतो. आणि उलटीवर दिलेल्या मेटोक्लोप्रामाइडसारख्या औषधाने कधी कधी मुलाची मान एकाएकी वाकडी होते, डोळे वर चढतात. घरच्यांना तर काही बाहेरचं लागलं असं वाटतं. ते साध्या इंजेक्शनने उतरतं. दवाखान्यात जाताना औषधाची बाटली बरोबर घ्या.

‘बाहेरचं’ हा शब्द आला, तर त्याविषयीही. मढीला कानिफनाथाच्या पायरीवर, मोहट्याला देवीसमोर, शिर्डीला, शिंगणापूरला आई आपल्या लेकरासाठी जाते. तिने जावं. अंगारा लावावा, नवस बोलावा. त्याने औषधाच्या आड काही येत नाही. आड येतं ते ‘आधी देवाचं बघू, मग डॉक्टरचं’ हे वेळापत्रक, आणि बाळाच्या अंगावर दिलेले चटके. त्याहून वाईट म्हणजे आईवर ठेवलेला ठपका. ग्रहणात काहीतरी चिरलंस, पोटुशी असताना विहिरीवर गेलीस, मोबाइल दिलास. हे फक्त खेड्यातल्या अडाण्यांचं आहे असं शहरातल्यांनी मानू नये. अमेरिकेत 1950-60 च्या दशकांत मोठमोठे तज्ज्ञ स्वमग्नतेचं कारण म्हणून आईच्या थंडपणाकडे बोट दाखवत होते. ब्रुनो बेटलहाइम यांनी 1967 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तो सिद्धान्त पूर्ण खोटा ठरला. दरम्यान हजारो आयांनी ते ओझं वाहिलं. आपल्या गावातल्या आयांना ते एक दिवसही वाहायला लावू नये.

सरकारी यंत्रणेत या मुलांसाठी जागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, अशा चार दिशांनी तो अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांकडे पाहतो. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि पुढच्या तपासणीसाठी मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवण्याची सोय त्यात आहे. रचना चांगली आहे. पण वर्षातून दोनदा येणाऱ्या पथकाला सकाळचा झटका दिसणार नाही, आणि कारखान्यावर गेलेलं लेकरू तर यादीतच ‘गैरहजर’ राहील. उरलेले दिवस गावानेच पाहायचे.

ते जमतं, याचा पुरावा या जिल्ह्यातच आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य जामखेडला आलं. शिकलेल्या नर्स खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित वस्तीतल्या. त्या आठवड्याला जामखेडला येत, शिकत, परत जाऊन शिकवत. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षय यांत त्यांनी जे करून दाखवलं ते पाहायला जगभरातून माणसं आली. 1979 मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या बाईला अक्षर वाचता येत नव्हतं तिला बाळ वाचता येत होतं. वाढीत मागे असलेल्या लेकरांसाठी तीच नजर पुन्हा तयार करता येईल, असा माझा ठाम विश्वास आहे, आणि त्यासाठी आजच्या ताईंच्या हातात तेव्हा नसलेलं एक साधन आहे: मोबाइलचा कॅमेरा.

डॉक्टरांसमोर मूल हालचाल करून दाखवेलच असं नसतं. म्हणून घरीच चित्रण करा. मोबाइल आडवा धरा. उजेड मुलाच्या तोंडावर पडू द्या, खिडकी पाठीमागे नको. नुसते हात नकोत. चेहरा आणि पाय दोन्ही दिसू द्या, कारण डोळे कुठे आहेत यावर अर्धं निदान असतं. मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढा. चित्रण चालू असतानाच त्याला नावाने हाक मारा, हलकेच हात धरा आणि हालचाल थांबते का ते टिपू द्या. दोन मिनिटं पुरे. एका वहीत तारीख, वेळ, उठल्यावर की जेवल्यावर, आणि किती वेळा, एवढं लिहा. लिहिता येत नसेल तर रेघोट्या मारा. आणि मोबाइलमध्ये जुने व्हिडिओ असतील, जावळाचा, पहिल्या वाढदिवसाचा, तर तेही पुसू नका. मूल तेव्हा काय करत होतं आणि आता काय करत नाही, हे त्यांतून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

निदान काहीही झालं तरी पुढची वाट असते. थेरपी, पोषण, चष्मा, कानाचं यंत्र, औषध, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत बसत असेल तर युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. शेवटच्या प्रकरणात त्याचे कागद कसे जमवायचे ते दिलं आहे. काही मुलं पूर्ण बरी होतील, काही नाही. चाळे करणारं मूल चाळे करतच मोठं होईल आणि तुमच्याबरोबर बाजारात, लग्नात, जत्रेला येईल. त्याला घरात कोंडू नका.

पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचायला सवड नसेल तर एवढं आजच करा. दोन वर्षांच्या आतलं लेकरू झोपेतून उठताना पुन्हा पुन्हा वाकत असेल, किंवा त्याला येत असलेलं काही जायला लागलं असेल, तर अंगणवाडीच्या पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. याच आठवड्यात व्हिडिओ घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जा आणि झोपेतला मेंदूचा आलेख कुठे होईल ते विचारा. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर 108 ला फोन करा. आणि वाचून झाल्यावर ही प्रत कपाटात ठेवू नका. तुमच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या ताईंना नेऊन द्या.